चांदमारीचे मानकरी

लष्करी प्रशिक्षणाच्या हिंदीत ‘शिस्त लेना’ म्हणजे नेम धरणे. एनसीसीच्या शिबिरात उस्ताद पहिल्यांदा कॅडेटला जमिनीवर पालथे झोपवून, बंदुकीचा दस्ता खांद्यात घट्ट बसवून ‘शिस्त लो’ म्हणतो, तेव्हा इंदूरच्या मराठी घरातून आलेले मूल क्षणभर थबकते, कारण त्याच्या घरी हाच फारसी शब्द वागणुकीसाठी, वेळेवर उठण्यासाठी आणि मोठ्यांचे ऐकण्यासाठी वापरला जातो. एका शब्दाची ही दोन टोके एकमेकांपासून फार लांब नाहीत. श्वास रोखून, मन आवरून आणि बोटाला घाई करू न देता साधलेला नेम हीही शिस्तच असते. तेवीस वर्षे एका महाविद्यालयाच्या एनसीसी तुकडीची जबाबदारी सांभाळताना मला एक प्रश्न सतत पडत आला. ज्या कसबासाठी इतकी शिस्त लागते त्याचा सन्मान आपण कोणाला देतो, कसा देतो, आणि कोणाला देत नाही?

नेमबाजीच्या लष्करी पुरस्कारांचा इतिहास एरवी पदके जमवणाऱ्यांच्या आवडीचा विषय मानला जातो. मला तो राज्यसंस्थेच्या स्वभावाचा इतिहास वाटतो. आपल्या सामान्य शिपायाच्या हाती अचूक शस्त्र द्यायचे की नाही, ते चालवण्याचे कसब त्याला शिकवायचे की नाही, आणि शिकलेल्याची नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवायची की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या पदकांत आणि बिल्ल्यांत सापडतात. माझे म्हणणे असे की, स्वतंत्र भारताने यातल्या विजेत्याच्या गौरवाची बाजू चांगली उचलली, पण ठरावीक दर्जा गाठणाऱ्या प्रत्येकाला मान देण्याची बाजू अर्धवट सोडली. ती पूर्ण करण्याची सुरुवात इंदूर-महूच्या परिसरातून होऊ शकते.

शौर्याला बक्षीस देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सोन्याचे कडे, तोडा, शिरपाव, इनाम जमीन हे सगळे एखाद्या पराक्रमानंतर मिळत असे. कसबासाठी, म्हणजे लढाई होण्याआधी सरावाच्या मैदानावर दाखवलेल्या कौशल्यासाठी, राज्याने शिपायाला मान द्यावा ही कल्पना मात्र जगभरच उशिरा आली, आणि तिच्यामागे शस्त्राचे साधे कारण होते. अठराव्या शतकातील गुळगुळीत नळीच्या बंदुकीची गोळी शंभर यार्डांपलीकडे कोठे जाईल याचा भरवसा नसे, म्हणून पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत आणि एकाच वेळी बार काढत. ब्रिटिश कवायतीत गोळी झाडण्याआधीचा हुकूम बंदूक समोर धरण्याचा होता. एकेका माणसाने स्वतंत्र नेम धरावा अशी अपेक्षाच नव्हती. जेथे नेमाला अर्थ नाही तेथे नेमबाजाला बक्षीस देण्याचाही प्रश्न येत नाही.

नळीच्या आतून आटे पाडलेली रायफल आली आणि हे चित्र पालटले. १८०० साली ब्रिटनमध्ये बेकर रायफल घेतलेली वेगळी तुकडी उभी राहिली. १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए याने आटेदार नळीत पटकन भरता येईल अशी गोळी काढली, आणि १८५३ ची एनफील्ड रायफल तर कित्येक शे यार्डांच्या अंतरासाठी दर्शिका बसवून आली. त्याच वर्षी केंट परगण्यातील हाइथ येथे मस्केट्रीची, म्हणजे बंदुकीच्या नेमबाजीची, शाळा सुरू झाली. आता एकेका शिपायाची नजर, त्याचा श्वास आणि अंतराचा अंदाज यांना लष्करी किंमत आली. ती मोजायची तर फलक हवेत, गुणांची वही हवी, वर्गवारी हवी; आणि वर्गवारी आली की मानचिन्ह तिच्यामागोमाग येते.

नोव्हेंबर १८५९ मध्ये ब्रिटनमध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. पुढच्या वर्षी २ जुलैला विम्बल्डनच्या मोकळ्या मैदानावर पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने आधारावर पक्की बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरच्या फलकाचा मध्यबिंदू टिपला गेला. रायफल आधीच नेमून ठेवलेली होती हे उघड आहे, तरी राज्यकर्त्याने स्वतःच्या हाताने चांदमारीचा, म्हणजे फलकावरील नेमबाजीचा, आरंभ करणे ही खूण महत्त्वाची होती. १८६९ मध्ये राणीने लष्करातील सर्वोत्तम नेमबाजासाठी पदक सुरू केले. पदकाच्या मागच्या बाजूला रायफल नाही. कीर्तिदेवता एका योद्ध्याच्या मस्तकी पर्णमुकुट ठेवते आहे, आणि त्या योद्ध्याजवळ धनुष्यबाण आहेत. काडतुसाच्या काळातही नेमाची प्रतिमा बाणाचीच राहिली, हे अर्जुनाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १८८२ नंतर हे पदक बंद पडले आणि पंचम जॉर्जने १९२३ मध्ये ते पुन्हा सुरू केले.

या पदकात एक मर्यादा जन्मापासूनच होती. ते एकाला मिळते. हजारो शिपाई वर्षभर सराव करतात, त्यातला एक पहिला येतो, आणि बाकीच्यांच्या कसबाबद्दल पदक काहीच सांगत नाही. म्हणून ब्रिटिश सैन्यातच दुसरी रीतही वाढली. वार्षिक चाचणीत ठरावीक गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाने गणवेशाच्या बाहीवर एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन रायफलींचे चिन्ह लावायचे. येथे पहिला कोण हा प्रश्न नाही. दर्जा गाठला की चिन्ह मिळते. बोअर युद्धात, म्हणजे १८९९ ते १९०२ या काळात, साध्या शेतकऱ्यांच्या अचूक गोळीबाराने ब्रिटिश पलटणींची दैना केली, आणि त्यानंतर सरावावर एवढा भर दिला गेला की १९१४ मधील नियमित ब्रिटिश पायदळ शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढण्याच्या अपेक्षेने तयार केला जात होता. ती तयारी एका विजेत्याच्या पदकातून झालेली नव्हती. दरवर्षी प्रत्येकाला द्याव्या लागणाऱ्या चाचणीतून, तिच्याशी जोडलेल्या भत्त्यातून आणि बाहीवरच्या त्या लहानशा चिन्हातून ती झाली होती.

अमेरिकेने ही दुसरी वाट अधिक पद्धतशीरपणे धरली. यादवी युद्धातील शिपायांची नेमबाजी पाहून अस्वस्थ झालेल्या अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये तेथील रायफल असोसिएशन काढली. १८८४ मध्ये लष्कराने स्पर्धांत वारंवार वरचा क्रमांक मिळवणाऱ्यांसाठी ‘डिस्टिंग्विश्ड’ हा कायमचा दर्जा ठेवला, आणि पुढे मार्क्समन, शार्पशूटर व एक्स्पर्ट अशी तीन पायऱ्यांची बिल्ल्यांची रचना पक्की झाली. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या त्या वर्षांत नव्या शिपायाचा मासिक पगार पंधरा डॉलर असताना एक्स्पर्टला पाच, शार्पशूटरला तीन आणि मार्क्समनला दोन डॉलर जास्त मिळत. पगाराच्या एक तृतीयांश भरणारी ही रक्कम पाहिली की त्या सैन्याला हे कसब किती मोलाचे वाटत होते ते कळते.

सोव्हिएत संघाने १९३२ मध्ये ‘वोरोशिलोव्ह नेमबाज’ हा बिल्ला काढला आणि तो बराकीबाहेर नेला. कारखान्यांत आणि नागरी संघांमध्ये सराव करणाऱ्या कामगार-विद्यार्थ्यांनाही तो मिळवता येई. कीव्हमध्ये कारखान्यात काम करता करता नेमबाजी शिकलेल्या ल्युदमिला पावलिचेन्को या तरुणीने तो मिळवला होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे ३०९ सैनिक टिपल्याची नोंद तिच्या नावावर झाली. ती संख्या मला अभिमानाने सांगावीशी वाटत नाही, कारण माणसे मोजण्याचा तो हिशेब आहे. पण दर्जावर आधारलेली चाचणी कोणालाही खुली ठेवली की कसब कोठून वर येईल हे आधी सांगता येत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात अचूक रायफल आणि तिचे शिक्षण यांचा इतिहास अविश्वासाने भरलेला आहे, आणि महू हे त्यातले एक ठिकाण आहे. १८५७ च्या आरंभी कंपनी सरकारने नवी एनफील्ड शिकवण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे उघडली आणि निरनिराळ्या पलटणींतून निवडक शिपाई तेथे पाठवले. चरबी लावलेल्या काडतुसांची बातमी जानेवारीत डमडमहूनच पसरली. म्हणजे हिंदी शिपायाला नेमबाज बनवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न आणि त्या वर्षीच्या उठावाची पहिली कुजबुज एकाच जागेहून सुरू झाली. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी संध्याकाळनंतर महूच्या छावणीतील देशी पलटण उठली. मंदसोरच्या तहानंतर १८१८ मध्ये वसवलेली ही छावणी तेव्हा चाळीस वर्षांचीही झाली नव्हती.

उठाव मोडल्यानंतर इंग्रजांनी काय केले हे आपल्या शालेय इतिहासात क्वचितच सांगितले जाते. तोफखाना, डोंगरी बॅटऱ्यांचा अपवाद सोडून, हिंदी शिपायांच्या हातून काढून घेतला. आणि पायदळासाठी १८५८ मध्ये एनफील्डचा असा नमुना बनवला की बाहेरून ती रायफलीसारखी दिसावी, पण नळीतले आटे काढून ती आतून गुळगुळीत केलेली असावी. जाणूनबुजून अचूकता काढून घेतलेली बंदूक! शिपायाला लढायला पाठवायचे, पण त्याचा नेम लागू द्यायचा नाही, असे धोरण धातूत कोरून ठेवलेले मला तरी दुसरे आठवत नाही. त्यानंतर अनेक दशके हिंदी पलटणींची शस्त्रे गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागे राहिली. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर होती. गोऱ्यांना मॅगझिनची रायफल मिळाली तेव्हा मार्टिनी याच्याकडे सरकली. या शिपायाच्या नेमबाजीची गोऱ्या शिपायाशी तुलना करणारी कोणतीही वर्गवारी मुळातच न्याय्य असू शकत नव्हती.

१९१४ च्या सप्टेंबरअखेरीस हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन मार्सेय बंदरात उतरली तेव्हा याच धोरणाची किंमत दिसली. फ्रान्समधील दारूगोळ्याशी जुळावे म्हणून शिपायांच्या ओळखीच्या रायफली तेथे काढून घेऊन नव्या नमुन्याच्या दिल्या गेल्या. ज्याने कधी काही अंतरांवर नेम साधला आहे त्याला हे कळेल. प्रत्येक रायफलीचा स्वतःचा कल असतो, तो ओळखायला आठवडे लागतात, आणि हे शिपाई काही आठवड्यांतच खंदकांत उभे होते. तरी त्यांनी जे केले ते इतिहासात नोंदलेले आहे.

शस्त्राबरोबर माणसांचीही वर्गवारी झाली, आणि ती चांदमारीवर झाली नाही. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले रॉबर्ट्स हे नेमबाजीच्या सरावाचे मोठे पुरस्कर्ते होते. दर्जा मोजावा, सराव वाढवावा असा त्यांचा आग्रह होता. त्याच रॉबर्ट्सनी ‘लढाऊ जाती’ची कल्पना पुढे रेटली आणि दक्षिणेतील व पश्चिमेतील अनेक समाज लढाईस कमी प्रतीचे ठरवले. शिपायाचे मोल फलकावर पडलेल्या भोकांवरून ठरवण्याची दृष्टी असलेला सेनापती अख्ख्या समाजांचे मोल मात्र जन्मावरून ठरवतो, या विसंगतीपाशी मी नेहमी थांबतो. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महार समाजाची सैन्यभरती बंद करण्यात आली. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. सैन्यात नोकरी करून सुभेदारपदापर्यंत पोहोचलेल्या, लष्करी शाळेत शिकवणाऱ्या पित्याच्या मुलांसाठी तो दरवाजा बंद होत होता. आज जेथे देशोदेशींचे लोक त्यांच्या स्मारकाला येतात त्याच गावाच्या आसमंतात पायदळाच्या प्रशिक्षणाच्या देशातील मुख्य संस्था आहेत. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले, आणि तिचे केंद्र आज आपल्याच राज्यात सागर येथे आहे.

पुढचे सगळे माझे प्रतिपादन याच ठिकाणाहून निघते. जन्म, ओळख, आडनाव, पालकांची ऐपत यांतले काहीही न विचारता केवळ फलकाकडे पाहून देता येतो असा हा फार थोड्या सन्मानांपैकी एक आहे. म्हणून तो जितक्या जास्त लोकांना खुला असेल तितका तो न्यायाचा ठरतो.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? पचमढीला ब्रिटिश अमदानीपासून मस्केट्रीची शाळा होती. पुढे महूला इन्फन्ट्री स्कूल उभे राहिले, आणि त्याच आवारात लष्कराची मार्क्समनशिप युनिट घडली. तिचे काम आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी नेमबाज तयार करण्याचे, आणि ते तिने उत्तम केले. २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकणारे राज्यवर्धनसिंह राठोड लष्करी अधिकारी होते. २०१२ मध्ये लंडनला २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजयकुमार हिमाचलच्या हमीरपूर जिल्ह्यातले, डोग्रा रेजिमेंटचे सुभेदार, आणि महूच्या मैदानावर घडलेले. या दोघांना अति विशिष्ट सेवा पदक मिळाले, जे योग्यच होते. पण ते पदक मुळात विशेष सेवेसाठी आहे. आपल्या पदकांच्या अधिकृत क्रमवारीत केवळ नेमबाजीसाठी असे स्वतंत्र पदक नाही. सैन्यात वार्षिक चाचणीनंतर मार्क्समन, फर्स्ट क्लास आणि स्टँडर्ड शॉट अशी वर्गवारी होते हे खरे. परंतु जनतेच्या नजरेत आपल्या नेमबाजीचा सन्मान म्हणजे ऑलिंपिकचे व्यासपीठ.

क्रीडा पुरस्कारांची नावे पाहा. १९६१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्काराला आपण अर्जुनाचे नाव दिले. नेमबाजीसाठी तो पहिल्याच वर्षी बिकानेरच्या करणीसिंह यांना मिळाला. मध्य प्रदेश सरकार ज्येष्ठ खेळाडूंना विक्रम पुरस्कार, कुमारांना एकलव्य पुरस्कार आणि प्रशिक्षकांना विश्वामित्र पुरस्कार देते. एकलव्याचे नाव आपण पुरस्काराला दिले यात एक जुने ऋण मान्य केले आहे, असे मी समजतो. पण त्या गोष्टीचा मधला भाग आपण विसरतो. निषादाच्या त्या मुलाने भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बाणांनी असे भरले की आवाज थांबला आणि प्राणी जगला. द्रोण आणि पांडव ज्याने थक्क झाले ते कसब मारण्याचे नव्हते. इजा न करता साधण्याचे होते. आदिपर्वातल्या या तपशिलाची दखल घेणारी कोणतीही चाचणी आपण अजून ठेवलेली नाही.

आता माझ्या मनातली जखम सांगतो. काही वर्षांपूर्वी धारकडच्या एका खेड्यातून आलेली एक मुलगी माझ्या तुकडीत होती. तिच्या घरी कोणी सैन्यात नव्हते, बंदूक तिने एनसीसीत येईपर्यंत हातात धरलेली नव्हती. शिबिरात पॉइंट टू-टू रायफलीने पंचवीस मीटरवर पाच गोळ्या झाडायला मिळाल्या तेव्हा तिचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा आला. पुढच्या दोन्ही वर्षी तसाच. उस्तादांनी फलक हातात घेऊन दोनदा पाहिला, मग तिला म्हणाले, “बेटा, ये हाथ खाली मत जाने देना.” संघाच्या निवडीत मात्र ती राहिली नाही, निवड झाली त्या आठवड्यात ती गावी होती, आणि ज्या कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज केला त्याने तो न वाचता परत पाठवला. तीन वर्षांनी तिने ‘सी’ प्रमाणपत्र घेतले. त्यावर श्रेणी होती. चांदमारीबद्दल एक अक्षर नव्हते. पोलीस भरतीच्या मुलाखतीला गेली तेव्हा तिच्याकडे दाखवायला काहीही नव्हते, फक्त तोंडाने सांगण्याची गोष्ट होती, आणि अशा गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार?

विजेत्याच्या पदकाने या मुलीचे काही झाले नसते, कारण विजेता होण्यासाठी आधी स्पर्धेपर्यंत पोहोचावे लागते. दर्जाच्या बिल्ल्याने झाले असते. म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. एनसीसीचे कॅडेट आणि पोलीस शिपाई यांच्यासाठी तीन पायऱ्यांचा, देशभर एकाच मोजमापाचा नेमबाजीचा बिल्ला असावा. तो स्पर्धेतल्या क्रमांकावर नव्हे, ठरलेल्या गुणांवर मिळावा. त्याची मुदत एक वर्षाची असावी आणि पुन्हा चाचणी दिल्याशिवाय तो गणवेशावर राहू नये. त्याची नोंद प्रमाणपत्रावर आणि सेवापुस्तकात यावी. आणि वरच्या पायरीच्या चाचणीत असे काही फलक असावेत ज्यांवर गोळी झाडणे ही चूक धरली जाईल, म्हणजे शत्रू आणि वाटसरू यांतला फरक ओळखून बोट थांबवण्याचेही गुण मिळतील. पोलीस शिपायाच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण राजवाड्यासारख्या गजबजलेल्या चौकात चुकलेली एक गोळी कोणाच्या घरात जाईल ते सांगता येत नाही.

या मागणीवर काही आक्षेप मी ऐकले आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की यातून बंदुकीचे आकर्षण वाढेल. अमेरिकेत जी रायफल असोसिएशन शिपायांची नेमबाजी सुधारण्यासाठी जन्मली तीच १९७० च्या दशकानंतर खासगी शस्त्रांच्या हक्कासाठी लढणारी बलाढ्य राजकीय संघटना झाली, हा इशारा मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच हा बिल्ला गणवेशापुरता असावा, शस्त्र परवान्याशी त्याचा कसलाही संबंध नसावा, आणि सराव सरकारी मैदानावर, सरकारी शस्त्रानेच व्हावा. पण ज्यांच्या हाती आपण शस्त्र देतोच त्यांच्या कसबाकडे दुर्लक्ष करून आकर्षण कमी होत नाही, केवळ चुका वाढतात.

दुसरा आक्षेप बिल्ला स्वस्त होण्याचा. सर्वांत खालची पायरी म्हणजे निव्वळ उत्तीर्ण होणे असे झाले की बिल्ला शोभेचा उरतो, हा अनुभव अमेरिकेतही आला आहे. चांदमारीत फसवणूक होते हेही खरे. बटामध्ये, म्हणजे फलकांखालच्या आडोशात, बसलेल्याने पेन्सिलने भोक पाडून गुण वाढवल्याच्या गोष्टी सगळ्या सैन्यांत सांगितल्या जातात. यावर उपाय म्हणजे वार्षिक मुदत, दुसऱ्या तुकडीचे पंच, आणि इलेक्ट्रॉनिक फलक, जे आता नवलाईचे राहिलेले नाहीत.

तिसरा आक्षेप काळाचा. ड्रोनच्या युगात रायफलीचा नेम कशाला, असे तरुण विचारतात. लष्कराच्या बाबतीत त्यावर वाद होऊ शकतो. पोलिसांच्या बाबतीत होऊ शकत नाही. गर्दीच्या रस्त्यावर निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि तो घेणाऱ्याने वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गोळ्या झाडल्या असतील तर त्याच्या हाताला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. खर्चाचे उत्तरही येथेच आहे. बिल्ला कापडाचा आहे. खरा खर्च गोळ्यांचा आणि मैदानाचा, आणि तो खर्च सुरक्षिततेसाठी एरवीही करायलाच हवा.

इंदूरला या कामाची जी सोय आहे ती देशात क्वचितच एका जागी असेल. बिजासनच्या बाजूला सीमा सुरक्षा दलाचे शस्त्रे व डावपेचांचे केंद्रीय विद्यालय आहे, जुन्या शस्त्रांचे संग्रहालयही तेथेच आहे. जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावली म्हणून शहराला ठाऊक झालेली रेवती रेंज ही त्या दलाचीच चांदमारी. तेथून महूचे इन्फन्ट्री स्कूल आणि मार्क्समनशिप युनिट तासाभराच्या अंतरावर. गुणांचे कोष्टक ठरवायला, पंच तयार करायला आणि फलक तपासायला लागणारी माणसे या एका टापूत आहेत. पावसाळा संपला की मैदाने सुकतात आणि एनसीसीची शिबिरे सुरू होतात. त्या एका हंगामात इंदूरच्या महाविद्यालयांतील कॅडेट आणि शहर पोलिसांतील एक तुकडी यांच्यावर ही चाचणी करून पाहावी, निकाल उघड मांडावेत, आणि पहिल्या पायरीचे गुण किती ठेवायचे ते मार्चपर्यंत त्यावरून ठरवावे.